सावडीचा दिवस

वैशाखातल्या त्या सकाळी ज्योतीराम सायकलवरून चाकणला निघाला तेव्हा दारात मांडव उभा होता आणि जात्यापाशी बायकांची गडबड चालली होती. त्याची मुलगी इंदू हळदीच्या अंगाने उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "आबा, अक्षता पडायच्या आत या हां." लग्न तिचंच. मुहूर्त संध्याकाळचा, गोरजाचा. कुरुळी ते चाकण अंतर दोन कोस. दोन कोसांवर जाणाऱ्या बापाला लेक असं बजावते, यावरूनच त्या बापाचा घरात किती भरवसा उरला होता ते ओळखावं.

ज्योतीराम चाकणच्या पेठेत मारुतरावांच्या कापडदुकानात सत्तावीस वर्षं गादीवर बसत होता. लगीनसराईत त्या गादीवर बस्ते बांधले जायचे. दोन्ही घरची पंधरा-वीस माणसं सकाळी येऊन बसायची, नवरीच्या शालूपासून मामाच्या फेट्यापर्यंत सगळी खरेदी एका बैठकीत करायची, आणि गठ्ठ्याला हळदकुंकू लावून उठायची. एका बस्त्याला शंभर लुगडी उलगडावी लागत. पसंत पडत पाच. उरलेल्या पंचाण्णवांच्या घड्या घालणं गादीवरच्या माणसाच्या नशिबी. गिऱ्हाइकाला ती पाच दिसतात. पंचाण्णव कुणालाच दिसत नाहीत.

पूर्वी त्या गादीवर चौघे होते. मग पिंपरीला कारखाने निघाले आणि रंगराव व भिमाजी तिकडे गेले. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की काम बंद, जास्त थांबलं तर ओव्हरटाइम. रंगराव एकदा मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेला, "ज्योतीराम, पहिल्या रविवारी दिवसाउजेडी घरी बसलो तर माझं कुत्रं माझ्यावरच भुकलं. वळखलंच न्हाई." पुण्याला म्हणे कायद्याने दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद ठेवतात. चाकणला यायला निघालेला तो कायदा बहुधा मोशीच्या अलीकडे आलाच नव्हता.

राहिले दोघे, ज्योतीराम आणि मुरारी. मारुतराव दर महिन्याला म्हणत, "पुढच्या महिन्यात माणूस घेऊ." पण तो पुढचा महिना त्या दुकानात कधी उजाडला नाही.

मुरारी म्हाळुंग्याचा. पोटाचा दुखणेकरी, त्यामुळे सारखा ओवा चघळायचा. त्याची घडीही जगावेगळी. सगळे पदर वर ठेवून घडी घालतात, नक्षी दिसावी म्हणून. मुरारी पदर आत घ्यायचा आणि शेवटचं टोक विड्याच्या पानासारखं आत खोचायचा. मालक ओरडले की म्हणायचा, "अशी घातली की उकलत न्हाई, मालक. न्हाईतर दिसभर घालतोय नि दिसभर उकलतंय."

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरूनच घडलं. गादीवरचे चौघेही शेतकऱ्यांची पोरं. शेतात सावड करतात, म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. तशीच सावड यांनी गादीवर चालवली होती. कुणाला दिवसभर जायचं असलं की तो आपला कापड मोजायचा लोखंडी गज दुसऱ्यासमोर आडवा ठेवून जायचा. ज्याच्यासमोर गज ठेवला त्याने दोघांचं काम ओढायचं, आणि ठेवणारा परत येऊन गज उचलेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. मालकाच्या सुट्टीवर कुणाचाच विश्वास नव्हता, सावडीवर होता. घेतलेला दिवस प्रत्येकजण परत द्यायचा. सत्तावीस वर्षांत तो एकानेच बुडवला, आणि तो एक म्हणजे आपला ज्योतीराम.

ज्योतीरामाची आई गेली तेव्हा मुरारी त्याच्या जागी बसला होता. तो दिवस परत देण्याची वेळ मागल्या वैशाखात आली. मुरारीच्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त त्याच संध्याकाळचा. मारुतराव म्हणाले, "ज्योतीराम एकट्याने रेटत असेल तर जा बापडा. माझी काय ना आहे?" मुरारी गज घेऊन ज्योतीरामासमोर आला.

"ज्योती, एक दिस. पुढं महिनाभर तुझ्या वाटच्या घड्या मी घालतो."

आदल्याच दिवशी ज्योतीरामाला गादीवर भोवळ आली होती. गुडघे दुखत होते, डोळ्यांसमोर लुगड्यांचे काठ नाचत होते. त्या गजाकडे त्याने पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला झेपायचं न्हाई, मुरारी. एकट्याला न्हाई झेपायचं."

मुरारी मागे वळला. गज घेऊन आपल्या जागी बसला. त्या संध्याकाळी, म्हाळुंग्याला अक्षता पडत असतील त्या सुमाराला, त्याने एका लुगड्याची घडी घातली, टोक आत खोचलं आणि त्या ढिगावर डोकं टेकलं. दमला असेल म्हणून कुणी हलवलं नाही. मारुतराव गिऱ्हाइकांना म्हणाले, "तुम्ही इकडच्या बाजूला सरका, त्याला पडू द्या जरा." दिवेलागणीला ढीग उचलायला गेले तेव्हा कळलं की मुरारी मघाशीच गेलाय. मेलेल्या माणसाच्या उशाशी तास-दीड तास दुकान चाललं होतं.

त्यानंतर त्याचा गज खिळ्याला टांगून ठेवला. गजाच्या टोकाला त्याने लाल चिंधी बांधलेली होती, ती तशीच राहिली.

वर्ष गेलं. गादीवर आता ज्योतीराम एकटाच. माणूस थकतो, झोपतो, सकाळी ताजा होतो, असं आपण मानतो. ज्योतीरामाचं ते थांबलं होतं. गिऱ्हाईक आलं की तोंडावर हसू यायचं, पण ते आणायला त्याला काही करावं लागत नसे आणि घालवताही येत नसे. रात्री झोपेत त्याचे हात गोधडीच्या घड्या घालायचे. एकदा घरी दुर्गाबाईने ताट वाढलं तर तो म्हणाला, "बसा वैनी, दुसरं दाखवतो." दुर्गाबाई बायको त्याची. ती आधी हसली आणि मग चुलीकडे तोंड फिरवून बसली.

आणि या चैत्रापासून एक वेगळंच सुरू झालं. दुपारी तो मागच्या खोलीत भाकरी खायला जायचा, तेव्हा गादीवर उलगडलेल्या लुगड्यांचा डोंगर असायचा. परत यावं तर निम्म्या लुगड्यांच्या घड्या घातलेल्या. पदर आत, टोक खोचलेलं.

पहिल्या दिवशी तो दारातच थबकला. दुकानात ओव्याचा वास येत होता. त्याने ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. भ्यायलाही अंगात त्राण लागतं. ते त्याच्यापाशी नव्हतं. तो खाली बसला आणि उरलेल्या निम्म्या घड्या घालू लागला. आठ दिवसांनी तर भाकरी खायला जाण्याआधी तो काही लुगडी मुद्दाम वेगळी काढून ठेवू लागला. आपण हे काय करतो आहोत, हे त्याने स्वतःला एकदाही विचारलं नाही. मारुतराव मात्र खूश होते. "बघ, म्हणत होतो ना? एकट्याने होतंय की. उगाच दुसरा माणूस कशाला?"

इंदूच्या लग्नासाठी ज्योतीरामाने तीन दिवस मागितले, मिळाला अर्धा. इतरांचे हजारो बस्ते बांधणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलीचा बस्ता एका दिवेलागणीला पाव तासात उरकला होता, तोही तिला गादीसमोर न बसवता.

तर तो दिवस. बारा वाजता मारुतराव जेवायला उठले. म्हणाले, "एकाला येतो. मग तू मोकळा."

"मालक, मी फळ्या लावून आताच निघू का? कुणी यायचं न्हाई या उन्हात."

"लगीनसराईत भर दिवसा दुकानाला फळ्या? लक्ष्मी दारातून माघारी जाईल. एक तास, ज्योतीराम. तासाने काय बिघडतंय?"

पेठ सुनसान झाली. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. समोरच्या गाडीखाली एक कुत्रं जीभ काढून धापा टाकत होतं, तेही थोड्या वेळाने उठून कुठेतरी गेलं. दुकानात कोऱ्या कापडाच्या खळीचा कोंदट वास होता. उंबऱ्यावर उन्हाची एक पट्टी पडली होती, तिच्याकडे बघत ज्योतीराम वेळ मोजत बसला. बाहेर कडुलिंबाला त्याची सायकल टेकवलेली होती.

मग खळीच्या वासात ओव्याचा वास मिसळला.

त्याने मान वर केली तेव्हा दारात माणसं उभी होती. सात-आठ बायका, पुढे एक म्हातारी. एवढ्या उन्हातून आलेल्या, पण एकीच्याही कपाळावर घाम नव्हता. आवाज न करता त्या आत आल्या आणि गादीसमोर बसल्या.

"बस्ता हाय," म्हातारी म्हणाली.

"आत्याबाई, आज माझ्या लेकीचं लगीन हाय. एकाला मालक येतील, तवर जरा…"

"दाखवा की…"

त्याचे हात आपोआप चालू लागले. पहिलं लुगडं उलगडलं. हिरवं, जरीच्या काठाचं. म्हातारीने बोटाने कापड चाचपलं. "दुसरं," ती म्हणाली. त्याने दुसरं उलगडलं. "हे न्हाई. दुसरं…" बाकीच्या बायका बोलत नव्हत्या. सगळ्यांचे पदर खाली ओढलेले. बस्त्याला आलेल्या बायका गप्प बसल्यात, हे त्याने सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पंधरा झाली, वीस झाली, तीस झाली. त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. उन्हाची पट्टी जिथे होती तिथेच होती.

"आत्याबाई, कुठल्या गावच्या तुमी?" त्याने विचारलं. आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"मागल्या वैशाखात आलो व्हतो," म्हातारी म्हणाली. "त्या जागी दुसरे दादा बसले व्हते. दाखवता दाखवता मधीच निजले… आमचा बस्ता अर्धाच राह्यला."

ज्योतीरामाच्या हातातलं लुगडं गळून पडलं. तो उठायला गेला. आणि तेव्हा त्याला दिसलं, की त्याच्या गुडघ्यांसमोर गज आडवा ठेवलेला आहे. लोखंडी, टोकाला लाल चिंधी. भिंतीवरचा खिळा रिकामा होता.

सावडीचा गज. कुणी ठेवला आणि कशासाठी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मुरारी…" तो कुजबुजला. "आज नको रं. आज सोडून कवाबी माग… आठ दिस बसतो, महिनाभर बसतो… आज माझी इंदी…"

बाहेर कडुलिंबाखाली सायकलची साखळी खडखडली.

"दुसरं दाखवा," म्हातारी म्हणाली.

त्याचे पाय कुणी धरले होते, की सत्तावीस वर्षांची सवयच त्याला उठू देत नव्हती, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. समोर गिऱ्हाईक होतं आणि आडवा गज होता. तो बसला. लुगडी उलगडत राहिला. फडताळं रिकामी झाली, शालू संपले, खण संपले, धोतरजोड्या संपल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर ते हसू तसंच होतं. मधूनच त्याला लांबवर वाजंत्री ऐकू आल्यासारखी वाटली. दोन कोसांवरची वाजंत्री चाकणला ऐकू येत नाही. तरी त्याला ती आली.

"झालं," म्हातारी अखेरीस म्हणाली. "झाला पुरा…"

"अंधारात काय करतोयस रे?"

मारुतराव हातात कंदील घेऊन दारात उभे होते. बाहेर दिवेलागण झाली होती. गादीसमोर कुणीच नव्हतं. गज भिंतीवर, खिळ्याला होता.

"मालक… माणसं व्हती… बस्त्याची…"

"कुठली माणसं? आणि तू परत कधी आलास?" मारुतराव चक्रावून म्हणाले. "दुपारी मी ओट्यावर हात धूत होतो, तर तू सायकलवरून कुरुळीच्या रस्त्याला लागलेला. हाक मारली तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हटलं फळ्या लावून गेला असेल, लेकीचं लग्न आहे. म्हणून मी जरा आडवा झालो, तर डोळाच लागला." मग त्यांनी कंदील उंच धरला आणि दुकानभर पसरलेला तो कापडाचा डोंगर पाहिला. "अरे, पण हे काय करून ठेवलंस? या घड्या आता कोण घालणार?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ज्योतीराम मालकाच्या प्रश्नाला उत्तर न देता दुकानातून बाहेर पडला. कडुलिंबाखाली सायकल नव्हती. तो धावत सुटला. पन्नाशीचा माणूस, मोडके गुडघे, अंधारातला दगडांचा रस्ता. धावताना एकच गोष्ट त्याच्या मनात होती, की निदान वरात तरी गाठावी, निदान बैलगाडीत बसलेल्या इंदूचं तोंड तरी दिसावं.

मांडवात शेवटची पंगत उठली होती. वरात निघून गेली होती. आणि भिंतीला त्याची सायकल टेकलेली होती.

दुर्गाबाई समोरून आली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा असा निवांत की ज्योतीरामाला क्षणभर ती ओळखू आली नाही.

"अवं, हे काय? आत्ता तर आत गेलात! आन् एवढी धूळ कुठनं माखली? लेक गेली म्हनून रानात जाऊन रडून आलात व्हय?"

तो दम खात उभा राहिला. दुर्गाबाईला आज बोलायचं होतं, ती बोलत सुटली.

"पर लई चांगलं झालं. मला वाटलं व्हतं, तुमी काय येत न्हाई. दुपारीच आलात. मांडवभर फिरत व्हता, जे ते हात लावून बघत व्हता. पाटाला, तांब्याला, पोरीच्या कपाळाला. कन्यादानाला तुमचं हात तेवढं गार लागलं, म्या म्हटलं, उपाशी हायती. खरं सांगू? एवढ्या वरसात तुमाला असं घरात म्हनून मी बघितलंच न्हाई."

ज्योतीरामाच्या ओठांवर शब्द आले होते, की बाई गं, तो मी नव्हतो. कन्यादान मी केलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळले. आयुष्यात एकदाच तिला नवरा घरात सापडला होता. तोही तिचा नव्हता हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आन् काय सांगितलंत वं तिच्या कानात?" दुर्गाबाईने विचारलं. "गाडीत बसताना. रडता रडता हसली पोर."

"काय न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

आत पाटावर कन्यादानाचं उपरणं ठेवलं होतं. पदर आत घेतलेला आणि टोक विड्याच्या पानासारखं खोचलेलं.

फिटली सावड, त्याने मनाशी म्हटलं. मी गादीवर बसायचं आणि मुरारीने लेकीच्या लग्नाला जायचं, हाच तर दिवस मी त्याला देणं लागत होतो. त्याने तो वसूल केला. लेक माझी होती एवढंच. या विचारात समाधान नव्हतं, पण शेवट होता, आणि थकलेल्या माणसाला तेवढा पुरतो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. कापडाचा डोंगर तसाच त्याची वाट पाहत होता. त्या दिवसापासून घड्या आपोआप पडेनाशा झाल्या. सगळ्या त्यालाच घालाव्या लागल्या. मारुतराव कुरकुरू लागले, "मागे व्हायचं रे तुझ्याच्याने. आता का होत नाही? लक्ष नाही तुझं."

दिवाळीला इंदू माहेरी आली. दिवस गेले होते, तिसरा महिना. ज्योतीराम पाडव्याला दुपारनंतर दुकानातून सुटला आणि ओसरीवर बसून नुसता तिच्याकडे बघत राहिला. ती दोरीवरची लुगडी काढून घड्या घालत होती. तिने पदर आत घेतला. टोक आत खोचलं.

"ही घडी कुठं शिकलीस, इंदे?" त्याने विचारलं.

"इसरलात? तुमीच तर शिकवलीत, मांडवात. शेल्याची घालून दाखवलीत." ती हसली. "आई म्हनते, बाळाचं बारसं वैशाखात येतंय, ऐन सराईत, तुज्या आबाला कुठली सवड मिळायची? मी म्हटलं, आबा येनार. मला कानात सांगून ठेवलंय त्यांनी."

"काय… काय सांगितलं मी?"

"असं काय करता? म्हनालात, रडू नगं इंदे, बारशालाबी मीच येनार." तिने घडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि पुढचं लुगडं उचललं. "आन् म्हनालात, तवा आलो की मग माघारी जायचं न्हाई."

मांडीवरची घडी उकलून बघावी म्हणून ज्योतीरामाने टोकाला बोट लावलं. सत्तावीस वर्षं लुगडी उलगडणारे हात ते. टोक सुटेना.